टीचर मामींची गाठ

“तिकडं चालेना, कण्णु.”

मला लाडानं कण्णु म्हणणाऱ्या टीचर मामी हे सांगताना मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर बोटानं दोन टिचक्या मारत. मी जोरात हसले की टिचक्या. दार आपटलं की टिचक्या. सांबाराचा भुरका मारला की टिचक्या, आणि वर डोळे मोठे. ‘तिकडं’ म्हणजे स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर. मामी स्वतः आयुष्यात चेन्नईच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. कुणाची परीक्षा असो, बाळंतपण असो की व्हिसा, सगळी तयारी तिच्या हातात जाते आणि घरच्यांना नुसती मान हलवायचं काम उरतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती बाई म्हणजे टीचर मामी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे निवृत्तीनंतरही दूधवाल्यापासून माझ्या अप्पांपर्यंत सगळे त्यांना टीचरच म्हणत. एकट्या राहत. आमच्याकडे घरोघर मराठी बोलतात, पण शाळा तमिळ, म्हणून मराठी वाचता येणारी माणसं थोडी. मामी त्यातल्या एक. आत्ता ज्या अक्षरांत मी हे लिहितेय ती त्यांनीच मला ओट्यावर बसवून गिरवायला लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल चांगलंच बोलेन असं नाही.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी एका सत्रासाठी बर्नच्या विद्यापीठात जायला आमच्या कॉलेजातून एकाच मुलीची निवड व्हायची होती. ती माझी झाली. मला नद्यांचा अभ्यास करायचा होता. बर्फातून नदी निघते म्हणजे नक्की काय होतं, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. मी मैसूरपाकाचा डबा घेऊन मामींकडे धावले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, भिंतीवरच्या जुन्या नकाशासमोर उभ्या राहिल्या, युरोपवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “सरि, ठरलं. उद्यापासून तयारी.”

मामी फोनवर व्हिडिओ बघून शिकत आणि लगेच मला शिकवत. तिकडं कचरा वेगवेगळा ठेवतात, म्हणून त्यांच्या पडवीत टोपल्यांची रांग लागली. तिकडं रविवारी गोंगाट चालत नाही, म्हणून रविवारी आम्ही दोघी कुजबुजत बोलायचो आणि बाहेर देवळाचा लाउडस्पीकर गल्ली दणाणून सोडत असे. वसतिगृहात कपडे धुण्याची पाळी ठरलेली असते, म्हणून माझे कपडे फक्त बुधवारी. एका बुधवारी पाणी आलं नाही, तेव्हा मी तोच सलवार-कमीज पुढचा आठवडाभर फिरवला. “पाळी चुकली म्हणजे चुकली,” मामी म्हणाल्या.

फोडणीचा धूर झाला की तिथं घंटा वाजते हे कळल्यावर तर त्यांनी झाकणाखाली, मंद आचेवर, मोहरी तडतडू न देता फोडणी करायची रीतच बसवली. त्या फोडणीचं रसम कसं लागायचं ते विचारू नका. अप्पांनी एकदा चाखलं आणि विचारलं, “तिकडं अवघी आजारी माणसं राहतात का ग?”

मे महिन्यात त्यांनी मला लोकरीचे मोजे आणि बूट घालून बाजारात पाठवलं. एवढ्यानं समाधान होईना, तेव्हा ओळखीनं एका बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेल्या. मी त्यांची एकुलती एक शाल पांघरून लाद्यांच्या मधोमध उभी, आणि मामी सुती साडीत शेजारी. दात वाजत होते त्यांचे. “असंच असतं तिकडं,” एवढंच कसंबसं म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी त्यांच्या गळ्यात पडले आणि म्हणाले, “मामी, आता मला थंडीचं भय नाही.” त्या हसल्या नाहीत. मला वाटलं, गारठल्यात.

मामींची आणखी एक शिस्त सांगायला हवी. देवाची वाहिलेली फुलं त्या कधी कचऱ्यात टाकत नसत. निर्माल्याची वेताची परडी वेगळी. दर शुक्रवारी मी गाणं शिकायला बसनं तिरुवैयारुला जायचे, तेव्हा ती परडी माझ्याबरोबर कावेरीला जायची. त्यात एक नियम होता. “बांधलेलं पाण्यात सोडायचं नाही. गाठ सोड, मग फूल सोड.” मामींची गाठ गल्लीत प्रसिद्ध होती. केळीच्या वाखाची, बारीक आणि हट्टी. गजरा सुकून जायचा, गाठ तशीच राहायची.

आता मुद्द्याचं. अप्पांचं मन होत नव्हतं. एकुलती मुलगी, आई नाही, देश परका. नाही म्हणवत नव्हतं आणि हो निघत नव्हतं. कॉलेजला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ते म्हणाले, “फूल विचारू.”

आमच्याकडे ही रीत आहे. एका पानात पांढरी तगर बांधायची, दुसऱ्यात लाल कण्हेर. दोन्ही पुड्या सारख्या दिसायला हव्यात. देवापुढं ठेवायच्या आणि एक उचलायची. तगर निघाली तर हो, कण्हेर निघाली तर नाही. दुसरी पुडी उघडत नाहीत, देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आणि पुड्या बांधायच्या त्या घराबाहेरच्या माणसानं, ज्याला हो-नाहीचं काही देणंघेणं नाही अशा. अप्पा मामींकडे गेले. मी निर्धास्त झाले. मनात म्हटलं, जिनं माझ्यासाठी सुती साडीत बर्फात उभं राहून दाखवलं तिच्या हातची पुडी आहे.

गल्लीच्या टोकाच्या गणपतीपुढं मामींनी दोन पुड्या ठेवल्या. “जाणं तिचं आहे, तीच उचलू दे,” अप्पा म्हणाले. मी डावीकडची उचलली. कण्हेर निघाली.

मामींनी दुसरी पुडी पदराखाली घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग गणपतीला वाकून पुन्हा नमस्कार केला. मला वाटलं, माझ्यासाठी. अप्पांनी दुपारी कॉलेजला फोन करून नाही कळवलं. संध्याकाळपर्यंत माझ्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव गेलंसुद्धा.

दुसरा दिवस शुक्रवार होता. मामींचं दार लोटलेलं होतं, त्या आत झोपल्या होत्या. मी नेहमीच्या सवयीनं परडी उचलली आणि बस पकडली.

कावेरीला त्याच आठवड्यात पाणी आलं होतं. पायरीवर बसून मी फुलं सोडत गेले. तळाशी एक पुडी होती, पानाची, बांधलेली. ती कुठली हे लगेच ओळखलं, गणपतीपुढची दुसरी. देवापुढचं फूल कचऱ्यात टाकणं मामींच्या हातून झालंच नसतं. उघडू नये हे मला माहीत होतं. पण बांधलेलं पाण्यात सोडायचं नाही हेही माहीत होतं, आणि हे मामींचं होतं, म्हणून मी तेच पाळलं. नखांनी ती हट्टी गाठ सोडवली. आत माझी तगर बघून रडून घ्यावं, असंही मनात असेल.

आत कण्हेर होती.

मी ओल्या हातांनी तिथूनच आमच्या प्राध्यापकांना फोन केला. ते हळहळले. म्हणाले, “नाव पुढं गेलं अम्मा. आता काही करता येणार नाही.” गाण्याला गेलेच नाही. परत फिरले.

मामी पडवीत शेंगा निवडत होत्या. मी ते पान आणि फूल त्यांच्यापुढं ठेवलं.

“दोन्हीत कण्हेर?”

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाल्या, “अवघं शिकवलं ग तुज. त्या बर्फातून बाहेर येऊन तू म्हणालीस, भय नाही. तेव्हापासून मज भय. इतकी तयार होऊन गेलेली पोर परत कशाला येईल?”

“एका सत्राचंच होतं, मामी.”

“ठाऊक आहे मज.”

“निदान देवाला तरी खरं विचारायचं होतं.”

मामींनी पहिल्यांदा वर पाहिलं. “आणि देव तगर देता तर? मग मी काय करते?”

मला राग आला, असा की मी टोपल्यांची ती रांग लाथेनं उडवली. सगळा वेगवेगळा कचरा एक झाला. मामींनी टिचकी मारली नाही.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. वाटलं, ते मामींच्या दारात जाऊन भांडतील. अप्पा खुर्चीत टेकून बसले. “टीचरनं केलं म्हणजे काही विचारानंच केलं असेल,” म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होते, पण तिथं नुसतं हायसं वाटलेलं दिसत होतं. त्या दिवशी मला दोन माणसांनी फसवलं, आणि दोघांचंही माझ्यावर प्रेम होतं. हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

ती दुसरी मुलगी बर्नला गेली. हिरव्या नदीकाठचे तिचे फोटो यायचे. सत्र संपल्यावर ती परत आली, जाडजूड होऊन, आणि चॉकलेटं द्यायला आमच्या गल्लीत आली. मामींनी गच्चीवरून तिला रिक्षातून उतरताना पाहिलं असणार. मी मामींशी बोलणं सोडलं होतं. दर शुक्रवारी निर्माल्याची परडी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलेली दिसायची, आणि मी ती न उचलता बसला जायचे. बर्फाच्या कारखान्यातली ती शाल मात्र परत केली नाही. का, ते मलाही सांगता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामी भाच्याकडे त्रिचीला राहायला गेल्या, कायमच्या. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी खिडकीआड उभी होते. नकाशाची गुंडाळी त्यांनी स्वतःच्या हातात धरली होती. आमच्या दारापाशी त्या थांबल्या, वाकल्या, आणि निघून गेल्या. टेम्पो वळल्यावर मी दार उघडलं. उंबऱ्यावर परडी होती आणि परडीत दोन पुड्या, ताज्या पानांच्या, सारख्या दिसणाऱ्या.

मी तिरुवैयारुला गेले. कावेरीत पाणी नव्हतं, नुसती तापलेली वाळू. पायरीवर बसून पहिली गाठ सोडवली. तगर.

दुसरी हातात घेतली. आत काय असेल हे मला ठाऊक होतं. ह्याही वेळी त्यांनी माझ्यासाठी निवडून उचलायला काही ठेवलं नव्हतं. तेव्हा दोन्हीत नाही होतं, आता दोन्हीत हो, आणि आता जायला कुठं काही उरलं नव्हतं.

ती पुडी मी सोडली नाही. बांधलेली तशीच वाळूवर ठेवली, रिकामी परडी उचलली आणि बस गाठायला घाट चढून वर आले.