लय फरक हाय

“सर, आज ऊन लय हाय,” असे म्हणत मामा तबल्याची जोडी वर्गात आणून ठेवायचे. परीक्षेच्या दिवशी, “पोरं लय भ्याल्यात.” सांगलीच्या आमच्या संगीत विद्यालयातले हे शिपाई मूळचे म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातले. गावी गजीच्या नाचात ढोल त्यांच्याच गळ्यात असे.

“मामा, लय म्हणजे गती. तुम्ही ती उन्हालाही लावता,” मी चेष्टेने म्हणे.

“उन्हाला बी चाल असतीच की, सर!”

विद्यालयात ढोल शिकवणाऱ्याची जागा निघाली, तेव्हा मामांनी अर्ज केला. निवृत्तीआधी एकदा तरी वर्गात बसून शिकवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. निवड समितीत संगीत जाणणारा मी एकटाच. मी विचारले, “ताल आणि लय यांत फरक काय?”

“लय फरक हाय, सर.”

सगळे हसले. मामाही हसले. मग चपला काढून ते खोलीत गोल चालू लागले. टाळी आधी दर आठव्या पावलावर, नंतर दर सातव्या पावलावर. पावलांचा वेग मात्र जराही हलला नाही.

“टाळीचं घर बदललं, त्यो ताल. चाल न्हाई बदलली, ती लय.”

तुम्ही तिथे असता, तर तुम्हाला कळले असते. मलाही कळले होते. वर्षानुवर्षे मी मुलांना लिहून देत आलो ती व्याख्या माझ्यासमोर अनवाणी चालत होती, आणि मला मत्सर वाटला. शेऱ्यात मी लिहिले : ‘व्याख्या सांगता आली नाही.’ जागा दुसऱ्याला मिळाली.

मामांनी कधी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तबला ठेवताना एवढेच म्हणाले, “सर, आज ऊन खूप हाय.” निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर तो शब्द त्यांच्या तोंडी पुन्हा आला नाही. क्षमा मागण्याचे मी रोज ठरवले आणि रोज टाळले.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मामा गेले होते.

“आवं सर, आबा तुमची लय आठवण काढायचं.”

म्हणजे घरी तो शब्द होता. सुटला होता तो फक्त माझ्यापुढे.

आता वर्ग सुटला की मोकळ्या खोलीत मला अनवाणी पावले ऐकू येतात. नकळत मी मोजू लागतो. सातव्या पावलाला श्वास धरतो, आठव्यालाही धरतो. टाळी पडत नाही. पावले तेवढी त्याच चालीने चालत राहतात.