राखाडीखालची पिवळी रेघ

सम्यक, ओवी — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही. आजोबांना तर नाहीच.

तुमच्या बैठकीत आजोबांनी काढलेलं मोठं चित्र आहे ना — सगळं राखाडी आणि खाली एक बारीक पिवळी रेघ? पाहुण्यांना तुम्ही सांगता, ही आमच्या आजीची शांतता. ओवी फोनवर हे म्हणाली तेव्हा मी हसले. पण फोन ठेवल्यावर — कसं सांगू?

आजोबा ध्यानाला बसू लागले ते विहारातल्या शिबिरानंतर. रोज सकाळी सातला, मागच्या ओट्यावर. मीही शेजारी बसायचे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, तास चुकवणं माझ्या स्वभावात नाही. मांडी नीट, पाठ ताठ, पदर जागेवर. फक्त डोळे — ते मी पाच मिनिटांत उघडायचे. मग आज भाजी कोणती, ज्वारी निवडायला कधी घ्यायची, कुणाच्या वह्या तपासायच्या राहिल्या. तासभर माझं फार छान चालायचं. मधूनच आजोबांचा चेहरा बघायचे. मिटल्या डोळ्यांनी ते फार देखणे दिसतात.

एकदा उठताना त्यांनी विचारलं, "आत काय दिसायलंय गं तुला?"

काय सांगायचं? समोर शेजारच्या अक्कांचं लुगडं दोरीवर वाळत होतं. मी म्हणाले, "राखाडी. सगळं राखाडी. आणि खाली पिवळी रेघ."

ते इतके आनंदले — चहा न घेताच रंग कालवायला बसले. मग वर्षानुवर्षं तीच राखाडी, तीच रेघ. चित्रं कलबुर्गीला लागली, पुण्याला गेली. चारचौघांत ते म्हणायचे, "मी नुसता हात. बघणारी ही." आणि मी? मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

अक्का एकदा चित्र बघून म्हणाल्या, "अगं बाई, असलंच लुगडं हाय की माझ्यापाशी." आजोबा खळखळून हसले. मी चहा टाकायला आत गेले.

इतकंच असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण ते रोज थोडं जास्त बसू लागले, गुडघे दुखत असतानाही. परवा भिंतीला धरून उठताना म्हणाले, "ती रेघ तुला लगेच दिसली. मला अजून कामून दिसंना? माझंच काहीतरी कमी पडायलंय."

जो माणूस ध्यानात कधी डोळा किलकिला करत नाही, त्याला मी वीस वर्षं स्वतःला कमी समजू दिलं. भीतीने? नाही. मला ते कौतुक आवडत होतं.

आत्ता ते ओट्यावर बसलेत आणि मी शेजारी हे लिहितेय. दोरीवर आज पोपटी लुगडं आहे, वाऱ्याने टम्म फुगलंय. मला हसू आवरत नाही.

पत्र पाकिटात घालायच्या आधी त्यांच्या हातात देणार आहे. त्यांचा चष्मा पुसून ठेवलाय.