चिनी वकिलाची तांड्यावरची केस

माझ्याजवळ एक चिनी वकील आहे. म्हणजे काळा कोट चढवला की अर्धा तास मीच तो होतो. मानोऱ्यात मी शाळामास्तर. एकपात्री प्रयोग हे माझं व्यसन. आग्नेय आशियातल्या दोन-तीन खऱ्या माणसांबद्दल वाचून मी हा एक माणूस उभा केला. त्याचा आजा चीनमधून खाणीत मजुरीला आला, नातू तिकडेच जन्मला, वकील झाला, आणि देश स्वतंत्र झाल्यावर चक्क मंत्री. शाळेत प्रयोगाला टाळ्या पडत. त्यासाठी शेवटचा तास बुडत असे, हे मी मनावर घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी बारावी झाली. तिला अमरावतीला वकिली शिकायची होती. तिचे आजोबा जवळच्या बंजारा तांड्याचे नायक. तांड्यात आणि घरात शब्द त्यांचाच. ते म्हणत, "आपन सहा महिने इथं, बाकी उसाच्या फडात. आपल्याले कोर्टात कोन विचारते?" प्रवेशाच्या अर्जाला आठ दिवस उरले होते. पोरगी माझ्याकडे आली.

"सर, तुमचा चिनी तांड्यावर आना. आजोबा माह्यं आयकत नाहीत, पाहुन्याचं आयकतात."

मला काय, प्रेक्षक मिळाले. मे महिन्याच्या भर दुपारी, देवळापुढच्या लिंबाखाली, मी काळ्या कोटात अवतरलो. कोट माझ्या दुप्पट मापाच्या एका वकीलसाहेबांचा. पाठीला सहा पिना लावून आटोक्यात आणलेला. तांडा नुकताच उसावरून परतला होता, सगळे हजर होते. मी हात पसरून सुरुवात केली, "माझा आजा समुद्र ओलांडून आला..."

"बसून बोला," नायकबाबा म्हणाले. "इथं उभ्यानं कोनी बाजू मांडत नाही."

बसलो. बसताना दोन पिना टोचल्या. प्रयोगाची तिथेच पंचायत झाली.

"आजा परत काहून नाही गेला?"

हे माझ्या संहितेत नव्हतं. "पोरं तिथंच झाली, बाबा. खाणीजवळच्या झोपडीत."

"आमच्या कोपीवानी," मागून एक बाई म्हणाली. उसाच्या फडाजवळ तोडणीवाले पाचटाची झोपडी घालतात, ती कोपी. मला स्फूर्ती आली. मी मंत्र्याचं शपथेचं भाषण ठोकलं, डोळ्यांत पाणी आणलं, बहुतेक घामाचं.

"लय बोलून राह्यले तुमी," नायकबाबा म्हणाले. "पन समोरची बाजू कुठं हाय? एका बाजूचं आयकून न्याय होते काय?"

मग पोरगी पुढे येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. माझ्या बाजूने बोलेल, म्हणून मी हसलो.

"हा मानूस परका हाय," ती म्हणाली. "याचा आजा दुसरीकडचा, बोली दुसरी. आज खानीत, उद्या अजून कुठं. अशायले कोन विचारते?"

शब्द सगळे आजोबांचे. वर तिने मला विचारलं, "त्या गावातल्या किती घरी तुमचं जेवनखान होतं, वकीलसाहेब?" मी कोट सावरला. "तुमाले तिथं कोनी बोलावलं होतं?" मी पिनांशी चाळा केला. दहा मिनिटांत तिने माझ्या मंत्र्याला बोटीत बसवून चीनला परत धाडलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला पोरीचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. आणि माझ्या हरण्याने तिचीच केस बुडाली, हेही कळलं.

नायकबाबांनी काडीने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "मास्तर हारले."

"व्हय," सगळे म्हणाले.

"पन चिनी नाही हारला. ज्या मुलखात त्याच्या आजानं घाम गाळला, लेकरं वाढवली, तिथं त्याले विचारालेच पाहिजे. त्याचं खरं होतं, त्याले वकील बरा नव्हता भेटला." नातीकडे न बघता त्यांनी विचारलं, "मास्तर, अमरावतीले कसं जा लागते?"

"कारंजात गाडी बदला लागते, बाबा."

"मंग कोट हिलेच देऊन जा."

कोट परक्याचा होता, म्हणून कसाबसा वाचवला. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुटीत भेटते तेव्हा माझा चिनी कुठे कच्चा आहे ते शिकवते, आणि मी तो बदलत राहतो. हल्ली प्रयोगात तो बसूनच बोलतो.