गोजरबाईनं निवडलेला तांदूळ

धामणगाव बढ्याच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या शाळेत गोजरबाई चौदा वर्षं पोरांची खिचडी रांधत होती. तिच्या हातचं खाऊन गेलेल्या पोरी आता स्वतःच्या लेकरांचं नाव घालायला यायच्या आणि आधी स्वयंपाकघरात डोकावायच्या. गोजरबाईला एका गोष्टीचा भारी तोरा होता. "माह्या खिचडीत खडा निघाला तर सांगजा, त्याच दिवशी चूल सोडतो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

पाच वर्षांपूर्वी तिच्या जोडीला महामाया आली. तिशीची, अंगानं काटक, बोलायला कमी. पोरं जेवून वर्गात गेली की दोघी ओसरीवर थाळ्या घेऊन बसत आणि दुसऱ्या दिवशीचे तांदूळ निवडत. महामाया गोजरबाईला बाई म्हणायची. घरी वांग्याचं भरीत केलं की डब्यातून आणायची.

गेल्या भादव्यात तिसरीतल्या छकुलीच्या दाताखाली खडा आला. कचकन आवाज झाला आणि पोरगी तोंड दाबून रडायला लागली. दाढेचा टवका उडाला होता. हातावर रक्त. छकुलीची आई करिष्मा शेतातून तशीच धावत आली आणि तिनं शाळेच्या आवारात उभं राहून सगळ्यांचा उद्धार केला. हेडमास्तरांनी दोघींना ऑफिसात बोलावलं.

"तांदूळ कोणी निवडले होते?" त्यांनी विचारलं.

आदल्या दिवशी महामाया नळावर भांडी घासत होती. दोन्ही थाळ्या गोजरबाईनंच निवडल्या होत्या. तिला ते चांगलं आठवत होतं. पण तिनं निवडले म्हणजे खडा असणार कसा? धुताना पडला असेल, महामायानंच पाडला असेल. हे सगळं एका श्वासात तिच्या डोक्यातून गेलं आणि तोंडातून शब्द निघाले, "महामायानं, सर. तिचा हात लई घाईचा."

महामाया तिच्याकडे बघतच राहिली. "बाई, काऊन असं बोलता? मी तं भांडे घासून राह्यलो होतो."

"खोटं बोलते, सर," गोजरबाई म्हणाली.

चौदा वर्षांच्या बाईपुढे पाच वर्षांच्या बाईचं कोण ऐकणार? शाळेच्या समितीची बैठक झाली आणि आठवड्याभरात महामायाचं नाव कमी झालं. तिच्या जागी समितीतल्या एका सदस्याची भावजय आली. महामाया दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. रस्त्यात समोर आली की गोजरबाई पदर सावरत दुसरीकडे बघायची. मनाला सांगायची, आपण काही फार वावगं केलं नाही, खडा तिचाच असणार.

दिवाळीनंतर स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या बायांची तपासणी करून कागद आणायचं फर्मान आलं. रक्त, लघवी, छाती गावाजवळच झालं. कागदावर डोळ्यांचाही रकाना होता. त्यासाठी गोजरबाई मलकापूरला लेकीकडे गेली. लेक मयुरी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डोळ्यात सुई टोचतात, दोन दिवस आंधळं व्हावं लागतं, असं गावातल्या बायांनी सांगून ठेवलं होतं. तसलं काही झालं नाही. आधी एका पोरीनं शुगर आहे का, बीपी आहे का, घरात कोणाला काचबिंदू होता का, हे विचारून लिहून घेतलं. मग एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. गोजरबाई चौथी शिकलेली. तिनं खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं आणि मयुरीकडे ऐटीत पाहिलं. मग एका मशीनवर हनुवटी टेकवली, आणि डोळ्यावर फस्सकन हवा आली. ती दचकून मागे सरली तशी पोरगी हसली, "झालं, मावशी. डोळ्यातला दाब बघितला."

मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात एक छोटं कार्ड दिलं. "हे जवळ धरून वाचा."

वरच्या दोन ओळी वाचल्या. त्याखाली नुसती मुंग्यांची रांग. गोजरबाईनं कार्ड लांब धरलं, अजून लांब धरलं. मग हात पुरेना.

"काम काय करता?"

"शाळेत खिचडी रांधतो."

"तांदूळ कोण निवडतं?"

गोजरबाईनं कार्ड उलटं करून मांडीवर ठेवलं. मयुरीच म्हणाली, "आईच निवडते ना. तिच्यासारखं कोणालेच जमत नाई."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकावर एक जड चौकट ठेवली आणि तिच्यात भिंगं बदलत गेल्या. हे बरं की हे? आता? दोन-चार भिंगं झाली आणि मुंग्यांची अक्षरं झाली. गोजरबाईनं सहज खाली आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांवर बारीक चिरा होत्या, नखांच्या कडेला हळद होती, अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. तो कधी पडला, तिला ठाऊकच नव्हतं.

"हा नंबर चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही दहा एक वर्षांपूर्वीच चष्मा लावायला हवा होता."

"पण मले तं दिसत होतं सगळं."

"लांबचं दिसतंच आहे. जवळचं हळूहळू जातं, म्हणून माणसाला कळत नाही."

मग मागचा पडदा तपासायला डोळ्यांत थेंब टाकले. थोडे चुरचुरले, बाकी काही नाही. डोळे मिटून तासभर बाकावर बसायचं होतं. मिटल्या डोळ्यांपुढे गोजरबाईला छकुलीचं रक्तानं भरलेलं तोंड दिसत होतं, आणि ऑफिसात उभी असलेली महामाया. खडा आपलाच होता. तो आपल्याच हाताखालून गेला होता, आणि कोण जाणे किती वर्षांपासून असेच जात होते. पोरं मुकाट्यानं थुंकत असतील. तिचे कान तापले. बाकावरच्या अनोळखी माणसांना आपल्या तोंडावर सगळं वाचता येतंय असं वाटून तिनं पदर कपाळाखाली ओढला.

"आई, दुखून राह्यलं काय?" मयुरीनं विचारलं.

"नाई. उजेड लागते."

पडदा चांगला निघाला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची जरा सुरुवात होती, वर्षानं दाखवा म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं धुरकट दिसत होतं. सकाळी उतरलं.

चार दिवसांनी चष्मा आला. शाळेच्या ओसरीवर बसून तिनं तो लावला आणि थाळीत पाहिलं. तांदळाच्याच रंगाचे बारके खडे, काळे सोंडे, एका कोपऱ्यात किड्यांची जाळी. नवी बाई समोर बसलेली. तिनं विचारलं, "काऊन वं, तब्येत बरी नाई काय?" गोजरबाई थाळीवर आणखी वाकली. चूल सोडण्याची तिची ती बढाई कोणी बोलून दाखवली नाही. तिची तिलाच आठवली, आणि तिनं थाळी पहिल्या दाण्यापासून पुन्हा निवडायला घेतली.

महामायाच्या घरावरून ती दोनदा पुढे निघून गेली. तिसऱ्या दिवशी चष्मा ब्लाउजात लपवून दारात उभी राहिली. महामाया कापसाची बोंडं सोलत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"खडा माहाच होता," गोजरबाई उभ्यानंच म्हणाली. "थाळ्या म्याच निवडल्या. तवाच मालूम होतं मले. तरी मी तुले खोटी म्हटलं."

महामायानं हातातलं बोंड खाली ठेवलं. "तुमाले दिसत नाई, हे मले पह्यल्या वर्षीच समजलं होतं. तुमी उठल्या की मी तुमची थाळी पुन्हा पाहो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं काय?"

गोजरबाईनं ब्लाउजातला चष्मा काढून हातात घेतला. महामायाच पुढे म्हणाली, "मले घरात येऊन सांगून काय होते? गावात मी खोटी आहो."

पुढच्या पालकसभेत गोजरबाई उठली. हेडमास्तर म्हणाले, "बाई, जुनं कशाला उकरता?" पण ती बसली नाही. मान खाली घालूनच तिनं सांगितलं की खडा आपला होता आणि महामाया खरं बोलत होती. करिष्मा पुढच्याच रांगेत होती. ती एवढंच म्हणाली, "माह्या लेकराची दाढ फुटली, मावशी." आवाज चढवला असता तर गोजरबाईला सोपं गेलं असतं.

महामायाला लगेच जागा मिळाली नाही. सदस्याची भावजय उन्हाळ्यात सुरतेला गेली, तेव्हा जूनपासून महामायाला परत घेतलं. आता दोघी पुन्हा ओसरीवर बसतात. महामाया कामापुरतं बोलते. गोजरबाई त्याहून जास्त मागत नाही.

गावातल्या चाळिशीच्या बायांना मात्र ती डोळे दाखवायला पाठवते. सुई नसते, हवा येते तवा दचकू नका, थेंब टाकल्यावर एकटीनं परत येऊ नका, शुगर असली तर लपवू नका, असं सगळं सांगते. कोणी विचारलं, "तुमाले कसं समजलं वं, दिसत नाई म्हणून?" तर तिचा चेहरा पडतो. पण ती सांगते. छकुलीच्या दाढेपासून सुरू करते आणि महामायाचं नाव घेऊन सांगते.