हरेशचा होमवर्क

व्यसनमुक्ती केंद्रात किस्से सांगत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून ते साठत जातात. दहा वर्षं काउन्सेलर आहे मी. हल्ली हसूसुद्धा दमून येतं. तरी हरेशचे किस्से सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हरेश चौलजवळचा खलाशी. दोन वर्षांपूर्वी वादळात होडी उलटली. हा वाचला, धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून झोप गेली आणि दारू आली. मनाच्या डॉक्टरांकडे गेला, तर ते म्हणाले, "आधी दारू सोड, मग ये!" दारू सोडवणाऱ्यांकडे गेला, तर ते म्हणाले, "आधी डोकं ठिकाणावर आण!" सहा महिने एसटीनं नुसत्या खेपा. शेवटी आमच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, दोन्ही एकदमच झालंय. एकदमच बघाल काय?"

*

पहिल्याच दिवशी आमच्या पुण्याच्या नव्या मॅडमनी ग्रुपला रिलॅक्सेशन दिलं. "डोळे मिटा, मन शांत करा," म्हणाल्या आणि मोबाइलवर लावला समुद्राच्या लाटांचा आवाज! हरेश चपला तिथंच टाकून पळाला. मी त्याला गेटपाशी गाठलं.

"अवो मॅडम, हाच आवाज डोक्यातनं जात न्हाय म्हणून तर पितो मी!"

आता आम्ही नुसता पंखा लावतो.

*

उपचार असा, की वादळाच्या दिवसाची हकिगत माझ्यासमोर सांगायची, रेकॉर्ड करायची आणि घरी रोज ऐकायची. न पिता! घरी त्यानं सांगितलेलं, भावाला लाटेनं नेलं. पाचव्या खेपेला मला खरं सांगितलं. स्वतः बुडायला लागला म्हणून भावाचा हात त्यानंच सोडला होता.

"आईला कळलं तर ती जगायची न्हाय," म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आठवड्यानं विचारलं, "होमवर्क केलास?"

"रोज ऐकलं, मॅडम!"

"न पिता?"

"तेवढं सोडून सगळं केलं!"

मी कपाळाला हात लावला.

*

गेल्या सोमवारी भर दुपारी त्यानं पहिल्यांदा न पिता ती क्लिप लावली. परसात बसून, आई बाजारात गेलीय असं समजून. क्लिप संपली, मान वळवली, तर मागं आई उभी! हरेशनं मोबाइल पाठीमागं लपवला.

आई म्हणाली, "दोन वर्सं झाली, पिऊन आलास की रोज ह्येच तर सांगतोस मला. आज शुद्धीवर सांगितलंस. ऊठ, जेवून घे."