प्याला कोणाच्या हाती

नाव पुकारायच्या आधीच मी उठलो. दोन हजार सालाच्या आसपासची ईस्टरची सकाळ, सेलूचं आमचं छोटंसं चर्च. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभुभोजनाचा प्याला आजपासून आपला एक भाऊ फिरवेल," आणि मी बाकांमधून निम्मा रस्ता कापलासुद्धा. तेवढ्यात त्यांनी माझ्या साळ्याचं नाव घेतलं. आता परत कसं बसायचं? सरळ जाऊन खिडकी लावली. एप्रिलच्या उकाड्यात! मागून एक मास्तर कुजबुजले, "भाऊ, जीव घेता का आमचा?"

बारा वर्षं मी ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास धरले होते. एक रविवार चुकवला नव्हता, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचाही. साळ्याला दारू सोडून जेमतेम चार महिने झालेले. आणि नाताळात याच पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "येत्या ईस्टरले प्याला तुमच्याच हाती."

त्या ईस्टरच्या सकाळीच उपदेशात ते म्हणाले होते, माणूस कर्मांनी नाही, विश्वासाने नीतिमान ठरतो. सगळ्यात मोठं आमेन माझंच होतं. ते वाक्य माझ्यावरच येऊन आदळेल, हे कोणाला ठाऊक?

एकेकाला द्राक्षरसाचा घोट देत साळा प्याला घेऊन माझ्यापुढे आला. त्याचा हात थरथरत होता. मी मान हलवली, नको म्हणून. तो क्षणभर थांबला, मग पुढे गेला.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना दारातच गाठलं. "मंग मी बारा वर्षं उपाशी काऊन राह्यलो?"

"ते तुम्हीच सांगा, भाऊ."

"शब्द देल्ला होता तुम्ही!"

ते खाली बघत म्हणाले, "देल्ला होता. बक्षीस असल्यावानी कबूल करून बसलो, तिथंच चुकलो."

चूक कबूल केली, प्याला काही दिला नाही. विश्वासाने तारण होतं म्हणे. मी ज्यांच्यावर विश्वास ठेवला, त्यांनी मला खिडकीपर्यंत पोचवलं.

घरी बायकोनं ताट वाढलं. मीच म्हणालो, "पाह्यलं? हात कसा थरथरत होता तुझ्या भावाचा. सुटली म्हणे दारू!"

ती म्हणाली, "दारूनं नाई थरथरत होता तो. काल संध्याकाळीच मले विचारून गेला, ताई, भाऊजी माह्या हातून घेतीन ना? मी म्हटलं, घेतीन."