स्टाफरूममधला संगणक

बिबवेवाडीतल्या एका खाजगी क्लासची ती तक्रार मी विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही तक्रार मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. मी तेव्हा तिथल्या हद्दीचा पोलीस निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी संपली होती. एक तरुण शिक्षिका ठाण्यात आल्या. त्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत. सोबत त्याच क्लासचे गणिताचे ज्येष्ठ सर होते. बाईंना बोलवेना, म्हणून सरांनीच हकिगत सांगितली. कोणीतरी बाईंच्या नावाने आणि फोटोनिशी बनावट खातं उघडलं होतं. त्यावरून विद्यार्थ्यांच्या पालकांना घाणेरडे संदेश जात होते. काही पालकांनी मुलं काढून घेतली होती. बाईंच्या वडिलांनी सोसायटीच्या बागेत जाणंही सोडलं होतं.

"साहेब, ही मला धाकट्या बहिणीसारखी आहे," सर म्हणाले. "आपण लक्ष घाला."

महिला उपनिरीक्षकांनी बाईंना आत बसवून पाणी दिलं आणि सविस्तर जबाब घेतला. गुन्हा दाखल झाला. खातं ज्या कंपनीच्या साइटवर होतं, तिला आम्ही पत्र पाठवलं. खातं कुठल्या इंटरनेट जोडणीवरून वापरलं गेलं ते त्यांच्याकडून समजलं आणि जोडणी देणाऱ्या कंपनीने तिचा पत्ता कळवला. पत्ता क्लासचाच होता. म्हणजे माणूस घरातलाच.

त्याच सुमारास ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. "ऑपरेटरला धरा. त्याने मॅडमना लग्नाची मागणी घातली होती. त्यांनी नकार दिला."

हा ऑपरेटर यवतमाळकडचा. क्लासचे सगळे संगणक त्याच्याच देखरेखीखाली. त्याला बोलावलं. आमच्या हवालदारांनी त्याला बघताच निकाल देऊन टाकला. "साहेब, ह्योच हाय. नकार पचला न्हाय."

मी त्याला समोर बसवलं. "मागणी घातली होतीस?"

"हो जी साहेब. घातली होती. त्या नाही म्हणाल्या. मग विषय संपला."

"राग आला नाही?"

"वाईट वाटलं, साहेब. रागाचं काय त्यात? त्यांची मर्जी." मग थोडं थांबून तो म्हणाला, "पण मी आता काहीही बोललो तरी खोटंच वाटणार ना?"

मी अनेकांची चौकशी केली आहे. खोटं बोलणारा बहुधा घडी घातलेल्या कपड्यासारखी नीट कहाणी सांगतो. हा मात्र दर दोन वाक्यांनी मागे जाऊन स्वतःलाच दुरुस्त करत होता. त्याला संशयातून वगळलं नाही, पण अटकही केली नाही. पुराव्यासाठी थांबायचं ठरवलं.

क्लासमधले सगळेच ज्यावर बसत, तो स्टाफरूममधला संगणक पंचनामा करून जप्त केला. ब्राउझरच्या हिस्ट्रीत प्रश्नपत्रिका, निकाल, रेल्वेची तिकिटं, सगळं होतं. फक्त बनावट खात्याचं नाव कुठेही नव्हतं.

"कोणी हिस्ट्री पुसली?" मी विचारलं.

"पुसलेली नाही, साहेब. झालीच नाही," उपनिरीक्षक म्हणाल्या. त्यांनी सायबरचं प्रशिक्षण घेतलं होतं. "प्रायव्हेट विंडो वापरली असावी, ज्याला सगळे इन्कॉग्निटो म्हणतात. ती बंद केली की हिस्ट्री उरत नाही, लॉगिनही उरत नाही. त्यामुळे त्याच संगणकावर नंतर बसणाऱ्याला काही दिसत नाही. पण समोरच्या साइटला सगळं कळतं. आणि त्या विंडोतून उतरवून घेतलेली फाइल संगणकावर तशीच राहते."

"मग डाउनलोड बघा."

बघितलं. प्रश्नपत्रिकांच्या गर्दीत क्लासच्या स्नेहसंमेलनाचा एक फोटो निघाला. शेजारीच त्याच फोटोतून कापलेले आणखी दोन. पहिल्यात बाईंचा चेहरा होता आणि कडेला कुणाचा तरी खांदा राहिला होता. दुसऱ्यात तो खांदाही छाटला होता. हाच दुसरा फोटो बनावट खात्यावर होता. मूळ फोटोत बाईंच्या शेजारी गणिताचे सर उभे होते.

एवढ्यावर कोणी गुन्हेगार ठरत नाही. फोटो कोणीही कापू शकतो. पण तो उतरवल्याची वेळ एका दुपारची होती आणि त्या दुपारी ऑपरेटर वाघोलीच्या नव्या शाखेत संगणक बसवत होता. खुद्द क्लासचे संचालक दिवसभर त्याच्या शेजारी होते. त्या शाखेची प्रमुख म्हणून कोणाची निवड झाली, हेही संचालकांनीच बोलण्याच्या ओघात सांगितलं. रसायनशास्त्राच्या बाईंची. सरांची नव्हे.

मी स्टाफरूममध्ये बसणाऱ्या सगळ्या शिक्षकांना एकेक करून बोलावलं. संगणकात काय सापडलं आणि काय नाही, हे माझ्या आणि उपनिरीक्षकांच्या पलीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला एवढंच सांगितलं की संगणक तपासणीला गेला आहे. कोणी घाबरलं, कोणी वैतागलं.

गणिताचे सर आले ते हसतच. खुर्ची स्वतःच ओढून घेतली. मी चहा मागवला.

"ऑपरेटरला अजून अटक नाही केलीत?"

"तपासणी चालू आहे, सर."

"अहो, त्या संगणकात आपल्याला काय मिळणार? इन्कॉग्निटोत केलेलं मागे काही राहत नाही. उगीच वेळ घालवताय."

मी चहाचा घोट घेतला. घाई केली नाही.

"इन्कॉग्निटोत केलं, हे आपल्याला कोणी सांगितलं?"

"म्हणजे... असल्या गोष्टी सगळे तसंच करतात."

"सगळे म्हणजे कोण?"

मी तिन्ही फोटो टेबलावर ओळीने ठेवले. सर कडेला राहिलेल्या त्या खांद्याकडे बघत राहिले. खाजगी विंडो बंद केली की सगळंच पुसलं जातं, असा त्यांचा पक्का समज होता. स्टाफरूमचा संगणक त्यांनी मुद्दामच निवडला होता. कधी कळलंच, तर बोट ऑपरेटरकडे जावं.

"माझ्या हाताखाली लागलेली मुलगी, आणि शाखा तिला?" शेवटी ते एवढंच म्हणाले.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. त्यामुळे आम्ही तिथे थांबलो नाही. मूळ फोटो ज्या ई-मेलमधून उतरवला, तो सरांचा निघाला. निनावी फोन त्यांच्या घरातल्याच क्रमांकावरून आला होता. सरांना अटक झाली, पुढे दोषारोपपत्र गेलं आणि न्यायालयाने त्यांना शिक्षाही दिली.

अटकेची बातमी मी बाईंना ठाण्यात बोलावून सांगितली. त्या म्हणाल्या, "ते रोज विचारायचे मला, तपास कुठपर्यंत आला म्हणून. आणि मी सगळं सांगायचे."

ऑपरेटर बाहेर बाकावर जबाब द्यायला थांबला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मीही तुमच्यावरच संशय घेतला. चुकलं माझं."

तो गडबडून उठला. "असू द्या मॅडम. तुमच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण दारापर्यंत गेलेल्या बाई वळल्या. "साहेब, माणूस सापडला. पण ज्या घरांत ते संदेश गेले, त्यांना हे कोण सांगणार? मी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेल?"

याला माझ्याकडे कायद्यातलं उत्तर नव्हतं. संचालकांना पालकसभा बोलवायला सांगितली आणि मी गणवेशात तिथे गेलो. आरोपीचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं की खातं बनावट होतं, या बाईंचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, ऑपरेटरचाही नाही, आणि हे मी पोलीस निरीक्षक म्हणून सांगतो आहे. मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, "मग वाघोलीची शाखा ठरल्याप्रमाणे या बाईच बघणार ना? क्लासचा यांच्यावर तेवढा भरवसा आहे ना?" संचालक हो म्हणाले. "बरं झालं," आजोबा म्हणाले, "आमची नात पुन्हा पाठवतो."

निवृत्तीनंतर लोक मला इन्कॉग्निटोबद्दल विचारतात. मी सांगतो, वस्तू वाईट नाही. सामायिक संगणकावर बँकेचं किंवा दवाखान्याचं काम करायचं असेल तर जरूर वापरा, शेजारच्याला दिसणार नाही. त्यापलीकडे तिच्यावर भरवसा ठेवू नका. पण या प्रकरणाने मला शिकवलं ते वेगळंच. आरोपीला बेड्या पडल्या की आमच्या कागदावर तपास पूर्ण होतो. ज्या बाईंचं नाव लोकांसमोर मातीत घातलं, त्यांचं नाव त्याच लोकांसमोर उचलून ठेवेपर्यंत तो पूर्ण होत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक अशा तक्रारीत मी ही शेवटची फेरी स्वतः केली, आणि माझ्या हाताखालच्यांनाही करायला लावली.